हात बाहेर, थांब, पाय

माझ्या पुतणीचा दिवस पहाटे पाचला दहा कमी असताना सुरू होतो. पाचचा गजर लावणारी माणसं सव्वापाचला उठतात, असं तिचं म्हणणं आहे. ती गजर लावतच नाही. उठते, तीन डबे भरते, एक आपला, एक नवऱ्याचा, एक दिराचा. मग बावीस मिनिटं चालते. पावणेसहाला कारखान्याच्या दारात असते. दहा मिनिटं मशीन पुसून तेल घालण्यात जातात. सहाला पहिला पुठ्ठा. गेली एकवीस वर्षं यात बदल नाही.

कारखाना खोक्यांचा. औषधांची, बुटांची, साबणाची खोकी. पुठ्ठ्याचा ताव मशीनच्या उघड्या जबड्यात ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, जबडा मिटतो, आतली पाती पुठ्ठा कापतात, जबडा उघडतो. कापलेला ताव काढायचा, दुसरा ठेवायचा. याला पंचिंग मशीन म्हणतात. मी त्यावर एकतीस वर्षं काढली. पुतणी विशीत असताना माझ्या थोरल्या भावाने तिला माझ्याकडे आणून सोडलं. म्हणाला, "घरात ही कोणाचं ऐकत नाही. तुझं ऐकेल." माझंही तिने फारसं ऐकलं नाही. पण काम शिकली.

शिकवण्यासारखं तीनच शब्दांत मावतं. हात बाहेर, थांब, पाय. दोन्ही हात जबड्याच्या बाहेर घ्यायचे. मग थांबायचं, दोन्ही हात डोळ्यांनी दिसेपर्यंत. मग पाय दाबायचा. मधला थांबा एका सेकंदाचा. तो कंटाळवाणा असतो आणि पहिल्या महिन्यात प्रत्येक जण तो गिळायला बघतो. पुतणीने गिळला नाही. तिची दहाही बोटं शाबूत आहेत.

माझी आठ आहेत. डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नाहीत. त्याचं कारण सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. मालकाने एकदा बाहेरून एक तज्ज्ञ आणला होता. त्याच्या हातात स्टॉपवॉच. तीन दिवस तो माझ्या पाठीमागे उभा राहून लिहीत होता. मला त्याने एक अक्षर विचारलं नाही. चौथ्या दिवशी अहवाल आला की हा कामगार दर पुठ्ठ्यामागे एक पूर्ण सेकंद वाया घालवतो. सेकंद काढून टाकला. पाचव्या आठवड्यात माझी पेरं गेली. त्यानंतर तो सेकंद परत आला.

तेव्हापासून बाहेरून येऊन, खुर्चीत बसून आमचं काम आम्हाला समजावणाऱ्या माणसाबद्दल माझं मत ठरलेलं आहे. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी जे लिहीन त्यातलं किती धरायचं ते तुम्ही ठरवा.

कारखान्यात पुतणीला टाचणी म्हणतात. अंगाने बारीक, आणि कुठे टोचेल याचा नेम नाही. तिचा नवरा तिथेच वायरमन. तो दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतो, म्हणून त्याचं नाव फ्यूज. दीर कारखान्याची गाडी चालवतो. त्याला सगळे धाकटा म्हणतात, आता त्याचे केस पांढरे व्हायला आले तरी.

या तिघांचा बँड आहे. पुतणी गाते आणि गिटार वाजवते, फ्यूज बेस वाजवतो, धाकटा ड्रम. सुरुवात भंगारातून झाली. रद्दी पुठ्ठ्याच्या गाडीत एक गिटार आली, दोन तारांची. पुतणीने ती घरी नेली, उरलेल्या तारा लावल्या आणि शिकली. कोणाकडून, ते मला ठाऊक नाही. बहुधा कोणाकडूनच नाही. गाणीही तिचीच. कामाची, घरमालकाची, बंद पडलेल्या नळाची. प्रेमाचं एकच आहे आणि त्यातसुद्धा त्या माणसाची बस चुकते.

सराव कात्रणांच्या खोलीत. मशीनच्या मागच्या भिंतीला लागून ती खोली आहे. कापलेल्या पुठ्ठ्याच्या कडा गठ्ठे बांधून तिथे छतापर्यंत रचलेल्या असतात. त्यामुळे आतला आवाज बाहेर जात नाही. मालकाची हरकत नव्हती. आठवड्यातले तीन दिवस, दुपारी चार ते सहा. तेव्हा दुसरी पाळी चालू असते. मशीनवर जो माणूस असतो तोही माझ्याच हाताखाली शिकलेला. दर ठोक्याला खोलीतल्या तांब्यातलं पाणी हलतं. त्या पाण्याकडे बघत त्यांनी नऊ वर्षं सराव केला.

कुठे कुठे वाजवायचे. छोट्या सभागृहांत, चहाच्या दुकानामागच्या अंगणात, एकदा एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर. लोक उभे राहून ऐकायचे, निघताना विचारायचे, "तुमची रेकॉर्ड आहे का?" पुतणी नाही म्हणायची. दोन कंपन्यांना तिने पत्रं लिहिली. दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मग ती म्हणाली, "आपणच करू."

पहिल्यांदा खरंच आपणच केली. फ्यूजने कोणाकडून तरी रेकॉर्डिंगची सामग्री आणली, घरात तारा ओढल्या, सगळ्या खिडक्यांना गोधड्या लावल्या. दोन रविवार गेले. मग आम्ही चौघे ऐकायला बसलो. सूर बरोबर, शब्द बरोबर, आणि गाणं मेलेलं. दर ओळीनंतर एक भोक. जिथे ड्रमचा ठोका पडायला हवा तिथे काही नाही.

फ्यूज म्हणाला, "धाकट्याला उशीर होतोय." पुतणी म्हणाली, "थोडा होतोय." मीही म्हणालो. मी तर म्हणालो की इतक्या वर्षांत एवढंही जमू नये.

धाकट्याने ड्रमवर ताडपत्री टाकली आणि चार महिने कात्रणांच्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. डबा मात्र घेत राहिला. एका घरात राहून न बोलण्याचा तो प्रकार मी जवळून पाहिला. शेवटी पुतणीच गाडीच्या शेडमध्ये गेली आणि त्याला म्हणाली, "भाऊजी, तुमच्या जागी मी कोणाला बसवणार नाही. माणसाला नाही, यंत्राला नाही. तसं कोणी सुचवलं तर रेकॉर्ड तिथेच सोडीन." तो परत आला. पण त्याला ते पटलं नव्हतं. वाजवताना सारखा तिच्या तोंडाकडे बघायचा.

सरावाचे तीन दिवस सोडून उरलेल्या दिवशी पुतणी दुपारी दोननंतर जास्तीचं काम करायची, सहापर्यंत. हे नऊ वर्षं. त्या पैशाला तिने घरात कोणाला हात लावू दिला नाही, स्वतःलाही नाही. तेवढ्यात एकच रेकॉर्ड होणार होती. ती बिघडली असती तर पुन्हा नऊ वर्षं काढणं तिला शक्य नव्हतं, कारण तिचं उजवं मनगट आता संध्याकाळी बोलायला लागलं होतं. आणि पुन्हा धाकट्यावर खापर फुटलं असतं तर या वेळी तो परतला नसता. हे सगळ्यांना माहीत होतं.

प्रश्न असा होता. तबकड्या काढायचे पैसे बाजूला ठेवून उरलेल्यात स्टुडिओचे पाच दिवस येत होते. किंवा स्टुडिओचे तीन दिवस आणि एक बाहेरचा प्रोड्युसर.

निर्माता म्हणजे पैसे घालणारा असं मी आजवर समजत होतो. हा पैसे घेणारा निघाला.

स्वयंपाकघरात बसून बोलणं झालं. प्रोड्युसरची गोष्ट फ्यूजने काढली, म्हणून धाकट्याने त्यालाच धरलं.

"तो काय वाजवतो?"

"काही नाही."

"गातो?"

"नाही."

"मग येऊन करतो काय?"

"ऐकतो."

"ऐकायचे पैसे? आई फुकट ऐकायची. वर ओरडायची."

"ती आपलीच आई होती," फ्यूज म्हणाला. त्याची दिवसाची वाक्यं संपत आली होती.

मी धाकट्याच्या बाजूने होतो. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस कशाला हवा, असं मी बोलूनही दाखवलं. गाणी तिची, हात यांचे, नऊ वर्षं यांची. कोण कुठला येणार, तीन दिवसांत यांना यांचंच गाणं शिकवणार आणि नाव लावून जाणार. पुतणी भांडी घासत होती. मागे न वळता म्हणाली, "मागच्या वेळी आपण चौघांनी ऐकलं, काका. चौघांना एकच ऐकू आलं. चौघांनी भाऊजींवर ढकललं, भाऊजींनी स्वतःसुद्धा. आता पाचव्याला ऐकू दे. निदान ढकलायला नवीन माणूस मिळेल."

ती तीन प्रोड्युसरांना भेटून आली. पहिला म्हणाला, ड्रमचं काम यंत्राकडून करून घेऊ, अर्ध्या वेळात होईल. ती उठली. दुसऱ्याने अंगातला कोटही न काढता सगळं फारच छान आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्याने घरची ती रेकॉर्डिंग दोनदा ऐकली आणि म्हणाला, "इथे काहीतरी होतं. ते आता नाही. काय ते मला कळत नाही." पुतणी त्यालाच तीन दिवस देऊन आली.

मी म्हणालो, "कळत नाही म्हणणाऱ्याला पैसे द्यायचे?"

"कळतं म्हणणारे दोघे पाहून आले ना."

तिघांनी तीन दिवस रजा टाकली. मी निवृत्त, रिकामाच होतो. सामान उचलायला म्हणून गेलो. खरं तर डोळ्यात तेल घालून त्या माणसावर नजर ठेवायला गेलो.

स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. जिना अरुंद. ड्रम वर न्यायला पाच खेपा झाल्या. प्रोड्युसरने एकही उचलला नाही, दार मात्र धरून उभा राहिला. चाळिशीचा, नखं स्वच्छ, एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात करडा. खिशात शेंगदाणे. खोलीच्या भिंतींना जाड कापड ठोकलेलं होतं. दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. एका काचेमागे सगळी सामग्री आणि त्याची खुर्ची. मी दाराजवळ स्टूल घेतलं.

पहिल्या दिवशी त्याने सातही गाणी एकेकदा वाजवून घेतली. मग नळाचं गाणं अकरा वेळा. प्रत्येक वेळी काचेमागून एकच शब्द, "पुन्हा." चांगलं नाही, वाईट नाही. धाकट्याचा शर्ट पाठीला चिकटला. दुपारी मी चहा घेऊन काचेमागे गेलो. त्याच्या हातात स्टॉपवॉच होतं.

संध्याकाळी त्याने तिघांना बोलावून विचारलं, "तुमची सातही गाणी एकाच वेगाची आहेत. प्रेमाचं आणि घरमालकाचंसुद्धा. असं का?"

पुतणी म्हणाली, "आमची चाल तशी आहे."

"सगळ्यांची?"

"एकाच घरातली माणसं आहोत."

तो शेंगदाणे खात बसला. जिन्यात मी पुतणीला सांगितलं की कुठेतरी पाणी मुरतंय. दिवसभर त्याने काही केलं नाही, फक्त वेळ मोजला. अशी माणसं मी पाहिली आहेत. पुतणी म्हणाली, "काका, मला तुमच्यापेक्षा जास्त धाकधूक आहे. मला अजून थोडी नका देऊ."

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला तो काचेमागून बाहेर आला आणि म्हणाला, "तुम्ही कोणाची वाट बघता?"

कोणाला समजलं नाही.

"दर ओळीनंतर तुम्ही कोणाला तरी जागा करून देता. दारातून कोणी येणार असल्यासारखी. चौथा कोण आहे?"

"चौथा नाही," धाकटा म्हणाला. "मला उशीर होतो, असंच ना? मग सरळ बोला."

"तुम्हाला उशीर होत नाही. तिघे एकदम थांबता. उशीर असता तर तो एकट्याला झाला असता."

पण धाकट्याने पहिल्या दोन शब्दांनंतर ऐकणं बंद केलं होतं. काठ्या ड्रमवर आडव्या ठेवल्या आणि तो जिना उतरून गेला.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. आधी आजार सांगायचा, मग आपल्याकडचं औषध. चौथा कमी आहे म्हणायचं आणि आपला एखादा वाजवणारा घुसवायचा. मी विचारलंच, "चौथा तुमच्या ओळखीचा आहे का कोणी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आहेत पुष्कळ. तुम्हाला परवडणार नाहीत."

हे उत्तर मला आवडलं नाही. त्यात राग नव्हता, हे तर अजिबात आवडलं नाही.

धाकटा तासभर आला नाही. भाड्याचा तास होता. फ्यूज एक तार उगाच सोडून पुन्हा जोडत होता. प्रोड्युसर पुतणीला म्हणाला, "तोवर एकट्या गा. गिटार घ्या. नळाचं." ती माइकसमोर उभी राहून गाऊ लागली. तो काचेमागे गेला नाही. तिच्यापासून चार हातांवर जमिनीवर बसला. तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. खाली बघत होता.

दोन कडवी झाल्यावर म्हणाला, "तुमचा उजवा पाय काय करतोय?"

"ताल धरते."

"ताल तिथे नाही. ओळ संपते, ताल संपतो, मग तुमचा पाय पडतो. त्याआधी तुम्ही दोन्ही हात गिटारवरून बाजूला घेता. आणि त्यांच्याकडे बघता. दर वेळी."

पुतणी म्हणाली, "छे." मग तिने पुन्हा एक ओळ गायली आणि या वेळी मीही खाली पाहिलं. ओळ संपली. दोन्ही हात तारांवरून उचलले गेले, अंगापासून वीतभर लांब. मान किंचित झुकली. एक सेकंद. उजवी टाच उचलली गेली आणि पाऊल जमिनीवर पडलं.

मी उठलो तेव्हा स्टूल पडलं. "ते मी शिकवलंय," मी म्हणालो.

मग सांगावं लागलं. मशीन, जबडा, पेडल, कात्रणांची खोली, भिंत, तांब्यातलं पाणी. मशीनचा ठोका पडायचा तेव्हा त्या खोलीत दुसरं काही ऐकूच येत नसे. त्या क्षणी वाजवलेला सूर फुकट जायचा. म्हणून नऊ वर्षांत तिघांनीही त्या क्षणाला वाजवायचं सोडून दिलं होतं, कोणी कोणाला न सांगता. त्यांच्या कानात तो ठोका अजून पडत होता. घरात गोधड्या लावल्या तेव्हाही पडत असणार. रेकॉर्डवर तेवढाच नव्हता.

प्रोड्युसरने मधे तोंड घातलं नाही. शेवटी एकच प्रश्न. "ठोका किती वेळाने पडतो?"

"हात बसलेला माणूस असेल तर दर चार सेकंदांनी."

त्याने कालचा कागद काढून दाखवला. सात गाणी, सातही ठिकाणी चार.

आता पुढचं वाक्य काय येणार ते मला ठाऊक होतं. ती जागा काढून टाका. वाया जातेय. मी डावा हात त्याच्यासमोर धरला आणि म्हणालो, "ती जागा काढली की हे होतं."

त्याने हात पाहिला. अरेरे वगैरे केलं नाही. म्हणाला, "मी काढा म्हटलं नाही. कशासाठी आहे ते विचारलं."

मी स्टूल उचलून पुन्हा बसलो. तो पहिला माणूस तीन दिवस माझ्या पाठीमागे उभा होता. त्याने एवढं विचारलं असतं तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं.

पुतणी खाली गेली, तिच्यामागे मी. धाकटा सायकलच्या दुकानाबाहेर एका उलट्या डब्यावर बसला होता. तिने आडवळण घेतलं नाही.

"भाऊजी, तुम्हाला कधीच उशीर झाला नव्हता. मी पेडल दाबत होते. तुम्ही मशीनला जागा देत होता. सगळेच देत होतो."

त्याने ते दोनदा सांगायला लावलं. मग बोटांनी डब्यावर एक ओळ वाजवली, थांबला, मान हलली.

"म्हणजे चार महिने मी फुकट रुसलो?"

"फुकट नाही. चूक आमची होती. माझी पहिली."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि काका?"

"माझीही," मी म्हणालो.

"जोरात बोला. इथे हवा भरतायत."

मी जोरात बोललो. सायकलवाल्यानेही ऐकलं.

वर आल्यावर नवाच वाद. प्रोड्युसरच्या डोळ्यांत चमक आली होती. म्हणाला, कारखान्यात जाऊ, मशीनचा खरा आवाज घेऊ, तोच त्या जागी बसवू. असं कोणी केलेलं नाही. त्याला ते फार आवडलं होतं, आणि मला पुन्हा तो आपलं नाव मोठं करायच्या मागे लागलेला दिसला. फ्यूजलाही पटत होतं. पुतणी म्हणाली, "नको. दिवसाचे आठ तास मी त्याचं ऐकते. गाण्यात तरी तो माझं ऐकू दे."

"पण खरी गोष्ट तीच आहे," प्रोड्युसर म्हणाला.

"असेल. जागा भाऊजींची आहे."

त्याने अजून दोनदा सांगून पाहिलं. ती हलली नाही. तो मग हलला, हे लिहायला हवं. म्हणाला, रेकॉर्ड तुमची. आणि खुर्चीत जाऊन बसला.

ठरलं असं. थांबा तसाच राहील. जिथे मशीनचा ठोका पडायचा तिथे धाकटा मोठ्या ड्रमवर पायाने एकच ठोका मारील. सांगायला सोपं. पण नऊ वर्षं जिथे हात आवरला तिथे पाय टाकायचा म्हणजे धाकट्याच्या नाकी नऊ आले. कधी आधी पडायचा, कधी पडायचाच नाही. दुसऱ्या दिवसाची दुपार त्यातच गेली. शेवटी मी त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि पुतणीला पहिल्या महिन्यात म्हणायचो तसं दर वेळी म्हणत राहिलो. हात बाहेर. थांब. पाय. हात बाहेर. थांब. पाय. माझा घसा बसला. प्रोड्युसर काचेमागून म्हणाला, "पुन्हा." त्या दिवशी तो शब्द मला पहिल्यांदा कामाचा वाटला.

तिसऱ्या दिवशी सातही गाणी झाली. पण धाकट्याचा पाय नीट बसला तो पाचव्या गाण्यापासून. आधीच्या चारांत ठोका होता, जागेवर होता, पण भीत भीत पडत होता. दार हळूच लावणाऱ्या माणसासारखा. संध्याकाळ झाली होती. प्रोड्युसर म्हणाला, "चालतील."

"चालतील म्हणजे?" पुतणीने विचारलं.

"ऐकणाऱ्याला कळणार नाही."

"भाऊजींना कळेल."

धाकटा म्हणाला, "वहिनी, असू दे. माझं काही नाही."

"तुमचं काही नाही म्हणूनच मागच्या वेळी चार महिने गेले," ती म्हणाली आणि प्रोड्युसरकडे वळली. "अर्धा दिवस अजून लागला तर?"

अर्ध्या दिवसाला पैसे नव्हते. होते ते तबकड्या काढायचे आणि त्यांच्या रंगीत वेष्टनांचे. वेष्टनाचं चित्र ठरलेलं होतं. नळाचं. तिने ते स्वतः छापखान्यात दोनदा जाऊन नक्की केलं होतं, घरात भिंतीला चिकटवून ठेवलं होतं. ती म्हणाली, "वेष्टन नको."

तिघांनी रजा एक दिवस वाढवली. चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा पाच खेपा नाहीत, ड्रम तिथेच होते. धाकट्याने चारही गाणी वाजवली. माझा पाय मशीनवर चांगल्या दिवशी पडायचा तसा त्याचा पडत होता. दुपारी एकला संपलं. प्रोड्युसरने अर्ध्या दिवसाचे पुरे पैसे घेतले, सूट दिली नाही. दिली असती तर मला जास्त संशय आला असता.

लोक आता मला विचारतात, कारण मी तिथे होतो. आमच्याच भागातल्या दुसऱ्या एका बँडनेही विचारलं, बाहेरचा माणूस घ्यावा का. मी सांगितलं, मला ठाऊक नाही. त्यांनी घेतला, हाच. त्यांची रेकॉर्ड ऐकली. रेडिओवर लागतात तशीच झाली आहे, कोणाचीही असू शकते. तेव्हा तो माणूस जादूगार नाही. आमच्या वेळी त्याने एक प्रश्न बरोबर विचारला आणि एका हट्टातून वेळेवर माघार घेतली. तीन दिवसांत एवढंच काम. पण एकतीस वर्षांत बाहेरून आलेल्या कोणी माझ्यासमोर इतकंही केलं नव्हतं.

तबकड्या आल्या त्या पांढऱ्या कागदात. मालकाला विचारून पुतणीने रद्दीतला तपकिरी पुठ्ठा घेतला. आपली पाळी संपल्यावर दोन तास, आठवडाभर, दोनशे वेष्टनं तिने स्वतःच्या मशीनवर कापली. मी शेजारी उभा राहून ताव लावून दिले. चित्र नाही. समोर बँडचं नाव रबरी शिक्क्याने. मागे चार नावं, प्रोड्युसरचं धाकट्याच्या खाली, त्याच आकारात. मला ते जरा मोठं वाटतं.

एक प्रत माझ्याकडे आहे. ऐकताना मी अजून कान लावून बसतो, कुठे काही काढून घेतलेलं आहे का बघायला. ओळ संपते, सगळं थांबतं, एक सेकंद, आणि धाकट्याचा पाय पडतो. पुतणीच्या नऊ वर्षांच्या जास्तीच्या पाळ्यांनी शेवटी विकत घेतला तो हा, दिराचा अर्धा दिवस.